व्हॉट्सॲपवर ‘आहे का?’ विचारतात तेव्हा

२००६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स या बाईंनी आपल्या कर्मचाऱ्यांना तेवीस छोटी कामं नेमून दिली. ब्लॉग काढा, फ्लिकरवर फोटो चढवा, लायब्ररीथिंगवर पुस्तकांची यादी करा, विकीत चार ओळी लिहा, पॉडकास्ट ऐका. वर्ग नाही, मास्तर नाही. आपापल्या सवडीने शिकायचं आणि काय शिकलो ते ब्लॉगवर लिहायचं. सगळी कामं पुरी करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर बक्षीस. हा नमुना पुढे देशोदेशीच्या ग्रंथालयांनी उचलला. आमच्यापर्यंत तो पोचला तोवर एमपीथ्री प्लेअर अडगळीत गेले होते आणि यादीतल्या काही सेवांचं दुकानही बंद झालं होतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात ग्रंथपाल आहे. वाचनालय सार्वजनिक, ‘अ’ वर्गाचं. म्हणजे १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्यता, हप्त्याने येणारं अनुदान, वर्षाकाठी तपासणी, आणि बाकी वर्गणीदारांच्या जिवावर. जवळच्या कॉलेजातली ग्रंथपाल माझी मैत्रीण. तिचं जग वेगळं आहे. विद्यापीठं-कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ‘सोल’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, ‘एन-लिस्ट’वरची ई-पुस्तकं आणि नियतकालिकं, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून वेळेवर पुरं होणारं काम. ती मेळाव्याला गेली की काहीतरी घेऊन येते, तशी ही तेवीस कामांची यादी घेऊन आली. आसपासच्या गावांतल्या आम्ही काही जणींनी आणि एका निवृत्तीला आलेल्या सरांनी ठरवलं, करून तर बघू.

यादी जशीच्या तशी चालणार नव्हती हे पहिल्या बैठकीतच कळलं. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी दाखवणारा गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालेला, त्यामुळे ज्या तंत्राने ते लेखन आपोआप येतं त्या आरएसएसचं प्रकरण आम्ही सरळ गाळलं. ब्लॉग काढला, चार लेख टाकले. आमचे वाचक ब्लॉग उघडून वाचत नाहीत एवढंच त्यातून समजलं. लायब्ररीथिंग मला मनापासून आवडलं, पण मराठी पुस्तकांची माहिती तिथे आयती मिळेना, सगळं हाताने भरायला लागायचं. हाताने भरायचंच आहे तर आपल्या घरची सूची आधी का भरू नये, हा प्रश्न तेव्हाच डोक्यात आला होता. मी तो बाजूला सारला, कारण त्या दिवसांत सगळ्यांना फेसबुक हवं होतं.

समितीला फेसबुक फार आवडलं. अध्यक्षांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांच्या नातवाने पान काढून दिलं. रोज एक जयंती किंवा पुण्यतिथी, लेखकाचा फोटो, खाली विनम्र अभिवादन. १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्राचे डॉ. रंगनाथन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. पसंतीचे अंगठे भरपूर यायचे. अण्णा बैठकीत आकडा वाचून दाखवायचे. मी मात्र देवघेवीच्या टेबलावर बसून पाहत होते, आणि तिथे काही फरक नव्हता. अंगठे देणारी माणसं पुण्यातली, ठाण्यातली, थोडी दुबईतली. गाव सोडून गेलेली. त्यांना गावचं वाचनालय अजून चालू आहे याचा आनंद होता. पुस्तक न्यायला ती येणार नव्हती.

तरी त्या पानाचा एक फायदा झाला, आणि तो कुणाच्या योजनेत नव्हता. वाचनालयाच्या जुन्या इमारतीचा फोटो टाकला तेव्हा डोंबिवलीच्या एका आजींनी खाली लिहिलं, माझे वडील तुमच्याकडे नेहमी यायचे, त्यांची एक कथा सत्तरच्या दशकात एका दिवाळी अंकात आली होती, अंकाचं नाव आठवत नाही, मिळेल का? जयंत्यांच्या सगळ्या चित्रांपेक्षा त्या एका ओळीने मला जास्त कामाला लावलं. दिवाळी अंक ही मराठी वाचनालयाची खरी मिजास. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची परंपरा, आणि आमच्याकडे साठच्या दशकापासूनचे अंक बांधून ठेवलेले. पण त्यांची सूची म्हणजे वर्षवार नावं. आत कोणाचं काय आहे, याची नोंद कुठेच नव्हती. कथा शोधायला मी आणि शिपाई मामांनी माळ्यावरचे गठ्ठे खाली काढले, अनुक्रमणिका चाळल्या. सापडली. अशा वेळी अख्खा अंक स्कॅन करून पाठवायचा मोह होतो, पण खासगी अभ्यासापुरता एखादा लेख देणं वेगळं आणि अंकच्या अंक वाटणं वेगळं. कथेची पानं आजींना गेली. त्यांचा फोन आला, बराच वेळ बोलत होत्या.

पुढे अण्णांचा नातू शिकायला बाहेर गेला आणि पानाचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. ते पान अजून तसंच आहे, कुठल्याशा पुण्यतिथीवर थांबलेलं.

मग २०२० चा मार्च आला. वाचनालय बंद. वर्तमानपत्रंच बंद झाली तिथे पुस्तकांचं कोण विचारतं, असं वाटलं होतं. पण माझ्या खासगी नंबरवर लोकांचे निरोप सुरू झाले. मॅडम, घरात काही वाचायला नाही. मॅडम, सासूबाई विचारतायत, मोठी कादंबरी आहे का. मॅडम, पोराच्या स्पर्धा परीक्षेचं पुस्तक तुमच्याकडेच राहिलंय. यातला एकही निरोप फेसबुकवर आला नव्हता. ज्यांच्याशी रोज टेबलावर बोलायचे तेच वाचक, तेच प्रश्न, फक्त आता ते फोनच्या पडद्यावर होते.

अण्णांना सांगून वाचनालयाच्या नावावर एक सिम घेतलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुष्कळ ग्रंथपाल आपल्याच नंबरवर सगळं चालवतात आणि मग रात्री अकराला कुणीतरी पुढचा भाग मागतं. साधं व्हॉट्सॲप न घेता व्यवसायासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप आहे ते घेतलं. भारतात ते २०१८ पासून मिळतं आणि फुकट आहे. त्यात वेळेबाहेर आपोआप उत्तर जातं. प्रत्येक वाचकाला रंगीत लेबल लावता येतं: ‘पुस्तक राखून ठेवलंय’, ‘मुदत संपली’, ‘घरपोच’. ही लेबलं म्हणजे आमच्या टेबलाच्या खणातल्या चिठ्ठ्यांची जागा घेणारी गोष्ट होती, म्हणून ती आमच्या निर्गम सहायकाला, म्हणजे पुस्तकांची देवघेव बघणाऱ्याला, शिकवावी लागली नाहीत. ज्या साधनाला जुन्या कामात आयती जागा असते ते टिकतं. बाकीची प्रशिक्षणापुरती राहतात. निदान आमच्याकडे तरी हेच झालं.

गट काढायचा की प्रसारण यादी, यावर आमच्या त्या ग्रंथपाल मंडळींत बराच खल झाला. प्रसारण यादीत २५६ जणांपर्यंत एकदम निरोप जातो, उत्तर फक्त आपल्याला येतं, वाचकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. फार सोयीचं. मेख एवढीच, की ज्याने आपला नंबर फोनमध्ये साठवलाय त्यालाच तो निरोप मिळतो. आमच्या ज्येष्ठ वाचकांपैकी कितीकांना नंबर साठवता येतो? त्यांच्यासाठी मामांनी एक युक्ती काढली. पुस्तक बदलायला कोणी आलं की मामाच त्यांचा फोन घेऊन ‘वाचनालय’ असं नाव टाकून द्यायचे. काही आजोबांच्या फोनमध्ये आम्ही अजूनही त्यांच्या मुलांच्या वर आहोत, कारण मामांनी नावाआधी एक ‘अ’ टाकून ठेवला होता.

गटसुद्धा काढला, लोकांच्या आग्रहाखातर. सुप्रभाताची फुलं आली, मग राजकारण आलं, मग कुणी कुणाला तरी काहीतरी बोललं. फक्त ॲडमिनने लिहायचं अशी सोय २०१८ पासून आहे. ती चालू केली आणि गट शांत झाला, म्हणजे मेला. आता तो सूचना फलक म्हणून राहिलाय.

पण गटातून एक मोठा वाद उभा राहिला तो पीडीएफचा. टाळेबंदीत गाजलेल्या कादंबऱ्यांच्या स्कॅन केलेल्या फाइली या फोनवरून त्या फोनवर फिरत होत्या. आमच्याच एका जुन्या वर्गणीदाराने उत्साहाने ढीगभर फाइली गटात टाकल्या आणि वर लिहिलं, मॅडम, आता वाचनालयाची गरजच नाही! माणूस सज्जन, हेतू चांगला. मी त्या काढायला लावल्या तेव्हा त्यांना वाईट वाटलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. लेखक ज्या वर्षी गेला ते वर्ष संपल्यावर मोजायला लागायचं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून खुली. हे उदाहरण मी इतक्यांदा दिलंय की आता वाचकच मला ऐकवतात.

नुसतं नाही म्हणून भागत नाही, हे मात्र त्याच वादात पटलं. फाइली काढायला लावल्या तर त्या जागी काहीतरी द्यायला हवं. मग मी रोज दुपारी तासभर बसून खुली पुस्तकं कुठे कुठे आहेत ते शोधायला लागले. मराठी विकिस्रोतावर टंकलेली पुस्तकं आहेत. फोनवर वाचायला तीच बरी, कारण अक्षर मोठं करता येतं. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या पुस्तकांचे स्कॅन आहेत, पण तिथे शोधणं म्हणजे कसरत. शीर्षकं रोमन लिपीत, प्रत्येकाने आपल्या मर्जीने लिहिलेली. राज्य मराठी विकास संस्थेनेही दुर्मिळ ग्रंथ संगणकावर आणलेत. मराठी विश्वकोश तर अख्खा वाचता येतो. या ठिकाणांवरून आठवड्याला एक शिफारस पाठवायला लागले: पुस्तक, दुवा आणि माझ्या दोन ओळी. त्या दोन ओळींवर लोक भांडायचे. एकदा मी एका जुन्या कादंबरीला ‘रेंगाळणारी’ म्हटलं तर निवृत्त हेडमास्तरांनी चांगला लांबलचक निरोप पाठवून माझी हजेरी घेतली. तो निरोप मी त्यांच्या परवानगीने सगळ्यांना पाठवला. त्या कादंबरीची आमच्याकडची छापील प्रत वाचनालय उघडल्यावर कपाटात टिकली नाही.

राज्यात ग्रंथालयं पुन्हा उघडायला परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० ला, नेमकी वाचन प्रेरणा दिनाला. आणि तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. लोकांना सवय लागली होती. घरून निघायच्या आधी विचारायचे: अमुक आहे का?

हा तीन अक्षरांचा प्रश्न साधा वाटतो. आहे का. त्याचं उत्तर द्यायला आमच्याकडे होतं काय? दाखल नोंदवह्या, दाखल क्रमांकाने म्हणजे पुस्तकं आली त्या क्रमाने लावलेल्या. कपाटांवरच्या विषयांच्या पट्ट्या. आणि माझी नि मामांची स्मरणशक्ती. कार्डांची सूची फार पूर्वी अर्धवट राहिलेली. संगणकावर एक यादी होती, पण ती जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली. असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवतात. तो फॉन्ट ज्या संगणकात नाही तिथे पानभर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि फोनवर तर विचारूच नका. त्या यादीत काही शोधता येत नव्हतं. रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेल्या पाच सूत्रांतलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, आमच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं आहे. त्याच्याखाली बसून मी वाचकाला सांगायचे, बघून कळवते.

म्हणून आम्ही नव्या साधनांचं सगळं कौतुक थांबवून सूची हातात घेतली. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बघितलं. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी ते तयार झालं, २००० च्या सुरुवातीला चालू झालं, मोफत आहे आणि उत्तम आहे. पण ते सांभाळायला जाणतं माणूस लागतं, आणि आमच्याकडे ते नाही. केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर बघितलं, आमच्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या एका वाचनालयात चालतंय चांगलं. समितीत त्यावर चर्चा चालू होती. चर्चा संपायची वाट न बघता मी गुगलच्या तक्त्यात सूची करायला घेतली: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, विषय, कपाट. पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हा तक्ता ओतता येईल, एवढा अंदाज होता.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि फोनवर वाचता येईल अशा मराठीत, रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात. त्यांनी बरंचसं काम केलं आणि उरलेलं आमच्या गळ्यात टाकलं. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. साध्या अक्षराला हे रूपांतर जमतं, जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. ‘स्थिती’ची काय काय रूपं मी पाहिलीत म्हणून सांगू. रफाराचं तेच. ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ अशी दोन भागांची पुस्तकं आमच्याकडे पुष्कळ, ती सगळी हाताने दुरुस्त केली.

त्याहून वाईट चूक दिसत नव्हती. एका मुलाने विचारलं, ‘शेतकऱ्याचा असूड’ आहे का? महात्मा फुल्यांचा १८८३ सालचा ग्रंथ, आमच्याकडे नाही असं होणं शक्य नाही. तक्त्यात शोधलं, नाही. पुन्हा शोधलं, नाही. कपाटात दोन प्रती. तक्त्यात डोळ्यांनी खाली खाली जाऊन पाहिलं तर तिथेही नोंद आहे, अगदी शुद्ध. मग मैत्रिणीच्या कॉलेजातल्या संगणकाच्या सरांनी उलगडा केला. त्या ‘ऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण, लावायचा. दुसरी, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारी जोडखूण. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आमची यादी रूपांतर करणाऱ्या साधनाने एका तऱ्हेने लिहिली होती, मी फोनवर दुसऱ्या तऱ्हेने शोधत होते. ‘ॲ’चंही असंच, एकसंध अक्षर वेगळं आणि अ वर चंद्र देऊन केलेलं वेगळं. म्हणजे दुसऱ्या महायुद्धावरची, साताऱ्यावरची, शेतकऱ्यांवरची सगळी पुस्तकं आमच्या सूचीत असून नसल्यासारखी होती. एक तऱ्हा ठरवली, ‘शोधा आणि बदला’ केलं, आणि त्या दिवशी मी मामांना चहा पाजला. त्यांना कारण समजलं नाही. चहा घेतला.

मग लेखकांची नावं. शास्त्र सांगतं, आडनाव आधी. वाचक कधी आडनावाने शोधत नाही. तो ‘पुल’ लिहितो, ‘वपु’ लिहितो, ‘जीए’ लिहितो. टिंबं देत नाही, मधली जागा सोडत नाही. कुसुमाग्रजांची कविता मागणाऱ्याला वि. वा. शिरवाडकरांचं नाटक त्याच माणसाचं आहे हे माहीत असतं, तक्त्याला नसतं. म्हणून मी एक जास्तीचा रकाना केला: ‘लोक काय म्हणतात’. त्यात टोपणनाव, आद्याक्षरं, नेहमीचं चुकीचं लेखन, सगळं. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत हा रकाना दाखवला तर गुण कापतील. आमच्याकडचे शोध मात्र बहुतेक त्याच रकान्यात लागतात. आणि तो भरला कशावरून? व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रश्नांवरून. लोकांनी जसं विचारलं तसं लिहीत गेले. इतक्या वर्षांत टेबलावर हजारो वेळा हेच प्रश्न ऐकले होते, पण बोललेलं हवेत जातं. लिहून आलेला प्रश्न राहतो, आणि महिन्याच्या शेवटी मागे जाऊन वाचता येतो. या नव्या साधनांचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा उपयोग हा आहे, आणि तो मला कुठल्याही कार्यशाळेत कुणी सांगितला नव्हता.

महिन्याच्या शेवटी ते प्रश्न वाचताना दुसरीही गोष्ट दिसली. जे नाही असं सांगावं लागलं, त्याची आपोआप यादी होत होती. पूर्वी खरेदी समिती जाहिराती, प्रकाशकांच्या सवलती आणि स्वतःची आवड यांवर पुस्तकं ठरवायची. आता मी बैठकीत ‘नाही’ची यादी ठेवते. पहिल्या वेळी शांतता पसरली. यादीत कादंबऱ्या होत्याच, पण द्राक्षबागेवरच्या रोगांची, शेळीपालनाची, पाळीच्या आणि बाळंतपणाच्या काळजीची पुस्तकं होती. बाळंतपणाचं पुस्तक टेबलावर येऊन, मागे चार पुरुष पेपर वाचत बसलेले असताना, कुठली सून मागणार? फोनवर मागितलं. अशी पुस्तकं आम्ही आता वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून देतो, न सांगता.

याच कारणासाठी ‘या महिन्याचे वाचक’ नावाचा उपक्रम मी बंद केला. फोटो आणि नेलेल्या पुस्तकांची नावं स्टेटसला लावायचो. एका ताईंनी हळूच विचारलं, माझं नाव लावाल तर पुस्तकांची नावं नका लावू. कोण काय वाचतं हे वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातलं आहे. नोंदवहीत असताना ते आपसूक झाकलेलं होतं. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला. कायदा नसता तरी हे बंदच करायला हवं होतं.

अभ्यासिकेतली मुलं वेगळ्याच देशात राहतात. त्यांना व्हॉट्सॲप म्हणजे आईवडलांचं. त्यांच्यासाठी टेलिग्रामवर चॅनेल काढलं, लोकसेवा आयोगाच्या जाहिराती, तारखा, नव्या आलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठं. चालतं ठीक. त्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते रीलचं. आमच्या निर्गम सहायकाला, म्हणजे पंचविशीतल्या पोराला, रील करायची हौस. मी म्हटलं, नाच सोडून काय ते कर. आमच्याकडे वर्षातून एकदा बांधणीवाले काका येतात आणि व्हरांड्यात पथारी टाकून फाटकी पुस्तकं बांधतात. त्याने त्यांचा व्हिडिओ केला. जुनं कव्हर सोलणं, पाठीवरचा वाळलेला सरस खरवडणं, फर्मे म्हणजे पानांचे जुडगे मोकळे करून दोऱ्याने शिवणं, मैद्याची खळ शिजवताना कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकणं, मग पुठ्ठा, कापड आणि शेवटी दाबात ठेवणं. बोलणं काहीच नाही, नुसता आवाज. जयंत्यांच्या चित्रांना वर्षभरात जेवढे लोक आले नसतील तेवढे त्या एका व्हिडिओला आले. खाली प्रश्नच प्रश्न. आजोबांची पोथी आहे, बांधून मिळेल का? ज्ञानेश्वरीला वाळवी लागलीय, काय करू? मोरचूद किती टाकायचा? काकांनी सगळ्यांची उत्तरं तोंडी दिली, पोराने ती लिहिली. मोरचूद विषारी, लहान मुलांच्या पुस्तकांना वापरू नका, हेही काकांनीच सांगितलं. पुढच्या खेपेला काकांना आमच्याकडच्या कामानंतर गावातल्या लोकांचं काम मिळालं, ते जास्त दिवस राहिले. अण्णांना वाटतं आता दर आठवड्याला रील यावं. पोरगा म्हणतो, दर आठवड्याला दाखवण्यासारखं वाचनालयात काय घडतं? मी त्याच्या बाजूची आहे.

आणि सगळ्यात कमी श्रमात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट कुणाच्या तेवीस कामांत नव्हती. गुगलच्या नकाशावर आमची खूण कुणीतरी बाजार समितीच्या मागे लावली होती आणि वेळ लिहिली होती चोवीस तास. ती खूण हक्क सांगून ताब्यात घेतली, जागा दुरुस्त केली, सकाळ-संध्याकाळच्या वेळा आणि सुट्टीचा वार टाकला, दाराचा फोटो लावला. बदली होऊन आलेल्या कुटुंबांतून नवे सभासद यायला लागले तेव्हा मी विचारायची, आमचा पत्ता कुणी सांगितला? बहुतेकांचं उत्तर, फोनवर दिसलं. त्यांच्यापैकी कुणीही आमचं फेसबुक पान पाहिलेलं नव्हतं.

आता सूचीचा तक्ता तीन चतुर्थांश पुरा झालाय. दुवा वाचकांना दिलाय, वाचायचा हक्क सगळ्यांना, बदलायचा फक्त आम्हा दोघांना. दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका भरायचं काम हेडमास्तरांनी आणि त्यांच्या दोन मैत्रांनी अंगावर घेतलंय, रोज दुपारी तिघं माळ्याखालच्या टेबलावर बसतात, भरतात कमी आणि जुने अंक वाचत भांडतात जास्त. ते सध्या ऐंशीच्या दशकात आहेत. ई-ग्रंथालयाचा अर्ज समितीने अखेर मंजूर केलाय. या वर्षीच्या लेखापरीक्षणात एकच शंका निघाली: वाचनालयाच्या सिमचा रिचार्ज कुठल्या खात्यावर टाकायचा. लिपिकाने तो ‘टपाल’ खाली टाकला होता. लेखापरीक्षकांनी ‘किरकोळ’ सुचवलं. मी ‘ग्रंथसेवा’ म्हटलं, त्यावर दोघेही हसले, आणि सध्या तो टपालाखालीच आहे.